पोलंडांतील यहुदी तरुणसंघ आणि त्यांचे स्वयंसेवक नायक

१

पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान पोलंड देशांत यहुदी मुलामुलींचे जे संघ भरभराटीस आले, त्यांचा इतिहास आपल्याकडे वाचला जातो तो बहुधा वॉर्सा शहरांतील सन १९४३ च्या उठावाच्या निमित्तानें. परंतु उठाव हा त्या इतिहासाचा शेवट होय. त्यापूर्वींचीं तीस वर्षें हे संघ चालले कसे, वेतनाची आशा नसतां मुलांना शिकविणारे, सहलीस नेणारे व त्यांच्यासाठीं आपला वेळ वेंचणारे नायक मिळाले कोठून, आणि मिळालेले टिकले किती, हा प्रश्न मागें राहतो. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे. अशा सर्व संघांचा परामर्श एका लेखांत घेणें शक्य नाहीं. म्हणून 'हाशोमेर हात्साईर' म्हणजे 'तरुण रक्षक' या नांवाचा संघ मुख्य धरून, 'द्रोर' व बुंद पक्षाचा 'त्सुकुन्फ्ट' या दोहोंचा तुलनेपुरता उल्लेख केला आहे.

विषय दूर देशचा असला तरी महाराष्ट्रास अगदींच परका नाहीं. कोंकणांतील बेने इस्राएल लोक, ज्यांस शनिवारीं घाणा बंद ठेवण्याच्या चालीवरून 'शनवार तेली' म्हणत, ते पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले; आणि इंग्लंडांत १९२९ सालीं निघालेल्या 'हबोनीम' म्हणजे 'बांधणारे' या यहुदी तरुणसंघाची शाखा मुंबईंतहि होती. याहून जवळचें कारण असें कीं, ज्यानें कोणी गांवांत वाचनालय, व्यायामशाळा अथवा बालवीरांचें पथक चालविलें आहे, त्यास हा प्रश्न अनुभवानें ठाऊक आहे. अठराव्या वर्षीं उत्साहानें येणारा तरुण तेविसाव्या वर्षीं दिसेनासा होतो. मग आपण त्याच्या निष्ठेस दोष देतों. प्रस्तुत लेखकानें शाळेंत असतां तो अनेकदां दिला आहे. तो योग्य होता कीं नव्हता, हें ठरविण्यास हाशोमेर संघाचा इतिहास उपयोगी पडतो, असें आमचें मत आहे.

२

हाशोमेर हात्साईर संघाचा उगम ऑस्ट्रियाच्या अंमलाखालील गॅलिशिया प्रांतांत १९१३ च्या सुमारास झाला. त्या काळीं तरुणांच्या स्वतंत्र संघटनेविषयीं दोन कल्पना युरोपांत पसरत होत्या. एक जर्मनींतील 'वांडरफोगेल' म्हणजे 'भटके पक्षी' या चळवळीची. ती १९०१ सालीं बर्लिनजवळ सुरू झाली होती. शहर व शाळा मागें टाकून रानावनांत हिंडावें आणि तरुणांचें नेतृत्व तरुणांनींच करावें, असा तिचा रोख होता. दुसरी कल्पना बेडन-पॉवेल यांच्या बालवीर-शिक्षणाची. त्यांचा मूळ ग्रंथ १९०८ सालचा. गॅलिशियांतील यहुदी विद्यार्थ्यांनीं या दोहोंस आपल्या लोकांचा इतिहास, हिब्रू भाषा व पॅलेस्टाइनांत नवी वसाहत करण्याचें ध्येय यांची जोड दिली.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू होऊन रशियन सैन्य गॅलिशियांत शिरलें, तेव्हां असंख्य यहुदी कुटुंबें व्हिएन्नास पळालीं. तेथें संघास खरें रूप आलें. घर, शाळा, व्यापार, सर्वच मोडलें होतें. वडीलधारीं माणसें युद्धावर किंवा उदरनिर्वाहाच्या विवंचनेंत. अशा वेळीं सोळा वर्षांच्या मुलानें बारा वर्षांच्या मुलास सांभाळणें ही हौस नव्हती, गरज होती. युद्धसमाप्तीनंतर हा संघ नव्या पोलंडभर व पुढें इतर देशांतहि पसरला. १९३९ सालीं त्याचे जगभर सुमारें ७०,००० सभासद होते.

संघाची रचना समजण्यास त्याच्या परिभाषेंतील दोन शब्द पुरेसे आहेत. स्थानिक शाखेस 'केन' म्हणत. हिब्रू भाषेंत याचा अर्थ घरटें. नायकास 'मद्रीख' म्हणत. 'देरेख' म्हणजे वाट, आणि वाटेस लावतो तो मद्रीख. आपल्याकडे 'नेता' हा शब्द 'नी' म्हणजे नेणें या धातूपासून झाला आहे, आणि 'आचार्य' शब्दाचा संबंध निरुक्तकारांनीं आचाराशीं जोडला आहे. मद्रीख शब्दांत या दोन्ही छटा आढळतात. जो स्वतः त्या वाटेनें चालत नाहीं, त्यास हें नांव शोभत नसे.

घरट्यांत दहापंधरा समवयस्क मुलामुलींचा एकेक गट असे. नायक हा गटांतील मुलांहून थोड्याच वर्षांनीं मोठा. तो त्यांस हिब्रू शब्द शिकवी, पुस्तकें वाचून दाखवी, वाद घडवून आणी, उन्हाळ्यांत खेड्यांत छावणीस नेई. परंतु तोच नायक दुसऱ्या संध्याकाळीं आपल्याहून थोर सभासदासमोर शिष्य म्हणून बसे. अर्थात् शिकविणारे व शिकणारे असे दोन वर्ग संघांत नव्हते. एकच शिडी होती व प्रत्येकजण तिच्या कोणत्या तरी पायरीवर होता. नायकास द्रव्य मिळत नसे, मानहि फारसा नसे. त्यास मिळे तें एवढेंच, कीं त्याचें स्वतःचें शिक्षण चालूं राही, आणि आपण आज गेलों नाहीं तर दहा मुलें वाट पाहत बसतील ही जाणीव त्याच्या मनांत राही. आमच्या मतें ही दुसरी गोष्टच नायकास टिकविणारा मुख्य धागा होय; त्याचें प्रमाण पुढें येईल.

३

आतां गळतीकडे वळूं. या संघांतील नायक निघून जात, त्याचें पहिलें कारण आळस अथवा संसार हें नसे. संघाचें ध्येयच हें कारण होतें. 'हगशामा' म्हणजे शिकविलेलें स्वतःच्या जीवनांत उतरविणें, हा संघाचा मुख्य नियम. सुमारें अठराव्या वर्षीं सभासदानें 'हखशारा' म्हणजे तयारीच्या शेतावर जाऊन अंगमेहनत शिकावी, आणि तेथून पॅलेस्टाइनांत जाऊन किब्बुत्स नांवाच्या समाईक वसाहतींत कायम राहावें, अशी अपेक्षा असे. या जाण्यास 'आलिया', म्हणजे आरोहण, म्हणत. म्हणून जो नायक सर्वांत उत्तम, तोच सर्वांत आधीं जाई. जो मागें राहिला, त्याच्या मागें राहण्याविषयींच मुलांच्या मनांत शंका येई.

हें संकट संघावर लवकरच आलें. मेइर याआरी १९२० सालीं व याकोव हझान १९२३ सालीं पॅलेस्टाइनास गेले. हे दोघे पुढें तेथील किब्बुत्स चळवळीचे अर्धशतकभर पुढारी राहिले. त्यांच्याबरोबर व मागोमाग पहिल्या पिढीचे शेंकडों सभासद गेले. १९२२ सालीं बेथ आल्फा ही वसाहत उभी राहिली. वसाहतीस माणसें मिळालीं, परंतु पोलंडांतील घरट्यांची धुरा सतरा-अठरा वर्षांच्या मुलांवर आली. एकाच घटनेस तेथें सिद्धि म्हणावें व येथें हानि म्हणावें, असा हा प्रसंग होता.

यावर संघानें केलेले उपाय तीन प्रकारचे दिसतात. पहिला, जाणाऱ्यानें जाण्याआधीं आपला उत्तराधिकारी तयार करावा. नायकांच्या शिक्षणासाठीं उन्हाळी शिबिरें व अभ्यासवर्ग भरविले जात, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावरहि लहान गट सोंपविला जाई. दुसरा, 'शलियाख' म्हणजे दूत पाठविणें. जे पॅलेस्टाइनांत स्थिरावले त्यांपैकीं कांहींनीं ठराविक मुदतीसाठीं पोलंडांत परत येऊन घरट्यांची व्यवस्था पाहावी. १९२४ सालीं डान्झिग येथें संघाचें जागतिक मंडळ स्थापन झालें व १९२७ सालीं संघाच्या वसाहतींचें एकीकरण झालें. तेव्हांपासून या दूतांस नियमितपणा आला. तिसरा उपाय कठोर होता. ठराविक वयास पोहोंचल्यावर जो सभासद शेतावर जाण्याचें नाकारी, त्यास संघांत स्थान उरत नसे.

या तिसऱ्या उपायाविषयीं आमचें मत प्रतिकूल आहे. कोणाची आई आजारी, कोणास धाकटीं भावंडें, कोणास वैद्यकीचा किंवा शिक्षकाचा व्यवसाय प्रिय. अशीं माणसें आपल्या गांवीं राहून दहा-वीस वर्षें मुलांचें काम करूं शकलीं असतीं. संघानें त्यांस नायक म्हणून वाढविलें आणि मग त्यांच्याशीं संबंध तोडला. ध्येयाची शुद्धता राहिली, परंतु अनुभवी माणसें गेलीं. संस्थेस आपल्या सेवकांपासून सर्वस्व हवें असेल, तर थोडें देऊं इच्छिणाऱ्याचें थोडेंहि तिला मिळत नाहीं.

बुंद पक्षाचें उदाहरण येथें ताडून पाहण्यासारखें आहे. १८९७ सालीं विल्ना येथें स्थापन झालेल्या या यहुदी कामगार-पक्षाचें मत असें कीं, यहुदी लोकांनीं जेथें जन्मले तेथेंच राहून न्याय मिळवावा. यिद्दिश भाषेंत या मतास 'दोइकाइट' म्हणजे 'येथेंपणा' असें नांव होतें. त्यांचा तरुणसंघ त्सुकुन्फ्ट व १९२६ सालीं निघालेला मुलांचा संघ 'स्किफ' यांतील नायकास मोठें झाल्यावर कामगार-संघ, यिद्दिश शाळा, पक्षाचें मंडळ, अशीं अनेक कामें खुलीं असत. त्याच्या ध्येयांत व गांवीं राहण्यांत विरोध नव्हता. नायकाच्या वाढत्या वयास जागा देण्याच्या बाबतींत बुंदाची व्यवस्था अधिक शहाणपणाची होती, असें म्हणावें लागतें.

तथापि १९३० नंतरच्या काळांत नायक टिकले, त्याचें सर्व श्रेय संघांच्या व्यवस्थेस देतां येणार नाहीं. पॅलेस्टाइनावर ब्रिटिशांचा अंमल होता व तेथें जाण्याचे परवाने मोजके मिळत. १९३६ नंतर ते फारच कमी झाले. मे १९३९ च्या श्वेतपत्रिकेनें तर पुढील पांच वर्षांसाठीं ७५,००० ही मर्यादा घातली. इकडे पोलंडांत यहुदी दुकानांवर बहिष्कार चालला होता, आणि १९३७ सालीं विश्वविद्यालयांत यहुदी विद्यार्थ्यांस वेगळ्या बांकांवर बसविण्यास मान्यता मिळाली. पुढें जाण्याची वाट बंद व येथें उभें राहण्यास जागा नाहीं, अशा स्थितींत पुष्कळ तरुण शेतांवर व घरट्यांत अडकून पडले. निष्ठेनें टिकलेला कोण व निरुपायानें राहिलेला कोण, हें शांततेच्या काळांत ओळखूं येत नाहीं. तें ओळखण्याची वेळ लवकरच आली.

४

ऑगस्ट १९३९ मध्यें जिनीव्हा येथें झायोनिस्ट परिषदेचें एकविसावें अधिवेशन भरलें. द्रोर चळवळीची पुढारी झिविया लुबेत्किन तेथें प्रतिनिधि म्हणून गेली होती. युद्ध दाराशीं आलेलें स्पष्ट दिसत असतां ती वॉर्सास परतली. १ सप्टेंबर रोजीं जर्मन सैन्य पोलंडांत घुसलें व १७ सप्टेंबर रोजीं पूर्वेकडून रशियन सैन्य आलें. पॅलेस्टाइनाहून आलेल्या बहुतेक दूतांस ब्रिटिश पारपत्रांमुळें देश सोडून परतावें लागलें. स्थानिक नायकहि पूर्वेकडे सरकले. ऑक्टोबरांत विल्ना शहर लिथुएनियाच्या हातीं आलें. तो देश अद्याप तटस्थ होता, व तेथून पॅलेस्टाइनाची वाट निघेल अशी आशा होती. म्हणून निरनिराळ्या संघांचे शेंकडों तरुण विल्ना येथें गोळा झाले.

तेथें त्यांच्यापुढें प्रश्न उभा राहिला, कीं जर्मनांच्या ताब्यांतील गांवांत मागें राहिलेल्या मुलांचें काय? घरट्यांतील धाकट्या गटांस नायक उरला नव्हता. ज्या ध्येयासाठीं दहा वर्षें तयारी केली तें आतां जवळ भासत असतां, उलट दिशेनें, सीमा चोरून ओलांडून परत जावें काय? हाशोमेर संघानें परत माणसें पाठविण्याचें ठरविलें. वॉर्सास प्रथम परतली ती तोसिया आल्टमन ही तरुणी. तिच्या मागून योसेफ काप्लान व श्मुएल ब्रेस्लाव गेले. जानेवारी १९४० मध्यें मोर्देखाय आनीलेविच गेला. तो १९१९ सालचा जन्मलेला, म्हणजे तेव्हां विशीचा. द्रोर संघाची फ्रुम्का प्लोटनित्स्का परतली. युद्धारंभीं पूर्वेकडे गेलेली झिवियाहि जानेवारींत आली, आणि वसंत ऋतूंत यित्झाक झुकरमान आला.

या परतण्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. त्यांना पुढें ट्रेब्लिंका आहे हें त्यावेळीं कोणासच ठाऊक नव्हतें. जर्मन राजवटींत छळ, उपासमार व तुरुंग आहे, हें मात्र ठाऊक होतें. ते लढावयास परतले नव्हते. हत्यारांचा विचार दोन वर्षें दूर होता. ते परतले तें गटांची सभा पुन्हां भरविण्यास. आणि जे विल्ना येथें राहिले किंवा तेथून पॅलेस्टाइनास पोहोंचले, त्यांनीं कर्तव्य टाकलें असेंहि म्हणतां येणार नाहीं. संघाचा नियम तर त्यांनींच पाळला. नियमापलीकडे जाऊन जे परतले, त्यांस नेणारी गोष्ट संघाच्या घटनेंत कोठें लिहिलेली नव्हती. वर ज्यास आम्हीं मुख्य धागा म्हटलें, त्याचें प्रमाण तें हेंच.

५

नोव्हेंबर १९४० मध्यें वॉर्सांतील यहुदी वस्तीस भिंत घालून ती बंद करण्यांत आली. आंत शाळांस बंदी होती. अशा स्थितींत द्रोर संघानें आपल्या जागेंत गुप्तपणें माध्यमिक शाळा चालविली. थोड्याशा मुलांनिशीं सुरू झालेल्या या शाळेंत पुढें शंभरांवर विद्यार्थी झाले. इत्झाक कात्सेनेल्सन हे हिब्रू व यिद्दिश कवि तेथें धर्मग्रंथ शिकवीत. हाशोमेर संघाचे अभ्यासवर्ग भरत. 'नेगेद हाझेरेम' म्हणजे 'प्रवाहाविरुद्ध' या नांवाचें पत्र गुप्तपणें निघे. तोसिया, फ्रुम्का यांच्यासारख्या तरुणी खोटीं कागदपत्रें घेऊन गांवोगांव हिंडत व तेथील गटांस बातमी, पत्रें आणि धीर पोहोंचवीत.

२२ जुलै १९४२ रोजीं वॉर्सांतील मोठी हद्दपारी सुरू झाली. सप्टेंबरापर्यंत अडीच लाखांहून अधिक माणसें ट्रेब्लिंका येथें नेऊन मारण्यांत आलीं. त्याच काळांत, २८ जुलै रोजीं, संघांच्या नायकांनीं लढाऊ संघटना स्थापन केली. ३ सप्टेंबर रोजीं योसेफ काप्लान पकडला गेला व श्मुएल ब्रेस्लाव मारला गेला. आनीलेविच या वेळीं बेंडझिन भागांत संघाच्या कामावर होता. वॉर्सा ओस पडल्याचें कळल्यावर तो दुसऱ्यांदा परतला, व पुढें संघटनेचा सेनापति झाला.

इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांनीं आनीलेविचवर लिहिलेल्या टिपणांत एक गोष्ट नमूद आहे. युद्धाचीं तीन वर्षें आपण शिक्षण व संस्कृति यांच्या कामांत घालविलीं, तीं शस्त्रास्त्रांच्या तयारींत घालवावयास हवीं होतीं, असा पश्चात्ताप त्यास होत असे. ज्यानें आयुष्य वर्गांत काढलें अशा मनुष्यास हें वाक्य सहज ओलांडून पुढें जातां येत नाहीं. आनीलेविचच्या दुःखापुढें वाद घालण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें एक नोंद करणें अवश्य आहे. १९ एप्रिल १९४३ रोजीं उठाव झाला तेव्हां संघटनेचे बावीस लढाऊ गट होते, आणि ते बहुतांशीं जुन्या संघांप्रमाणेंच बांधलेले होते: हाशोमेरचे, द्रोरचे, बुंदाचे, इतर पक्षांचे. बेतार संघाच्या तरुणांची लढाऊ संघटना वेगळी होती. जे एकत्र शिकले तेच एकत्र लढले. तीन वर्षें सभा भरल्या नसत्या, तर हांक मारण्यास गट उरले असते काय? बंदुका नव्हत्या हें खरें. माणसें होतीं, तीं त्या तीन वर्षांनीं राखलीं होतीं.

८ मे रोजीं मिला रस्त्यावरील १८ क्रमांकाच्या तळघरांत आनीलेविच पडला. तोसिया तेथून निसटली, पण लपल्या जागेस लागलेल्या आगींत भाजून त्याच महिन्यांत मरण पावली. फ्रुम्का ऑगस्टांत बेंडझिन येथें लढतां मारली गेली.

६

आरंभींच्या प्रश्नाकडे परत येऊं. स्वयंसेवक नायक कसे टिकवावे, असें आपण विचारतों, तेव्हां एकच माणूस एकाच जागीं राहावा अशी आपली इच्छा असते. हाशोमेर संघाचा इतिहास सांगतो कीं, तसें क्वचितच घडतें, आणि न घडलें तरी संस्था बुडत नाहीं. मात्र जाणाऱ्यानें मागें एक तयार माणूस ठेवावयास हवा. बुंदाचा इतिहास सांगतो कीं, ज्यास राहावयाचें आहे त्याच्या वाढत्या वयासाठींहि संस्थेंत जागा हवी. या दोन गोष्टी संस्थेच्या हातच्या आहेत. त्या न करितां तरुणाच्या निष्ठेस दोष देणें अन्यायाचें होय, आणि लेखकास आपल्या शाळेंतील दिवस आठवतां तो अन्याय आपल्या हातून झाला हें कबूल करावें लागतें.

तिसरी गोष्ट संस्थेच्या हातची नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्यावर जीं ऋणें सांगितलीं आहेत, त्यांत ऋषिऋण आहे. तें अध्ययनानें फिटतें असें म्हणतात, आणि शिकलेलें पुढें शिकविणें हा त्याचाच भाग मानला जातो. ज्यानें दिलें त्यास तें परत करतां येत नाहीं. आपल्यामागून येणाऱ्यासच द्यावें लागतें. विल्नाहून परतणाऱ्या तरुणांनीं ही कल्पना ऐकली असण्याचें कारण नाहीं. पण लहानपणीं कोणी तरी थोडा मोठा मुलगा किंवा मुलगी त्यांच्यासाठीं प्रत्येक आठवड्यास येत असे, आणि आतां त्यांची पाळी होती, एवढें त्यांस पुरेसें झालें.

उठावांतून वांचलेल्यांपैकीं झिविया लुबेत्किन व यित्झाक झुकरमान हीं पतिपत्नी पुढें इस्राएलास गेलीं, आणि १९४९ सालीं 'लोहामेई हागेताओत' म्हणजे 'वस्त्यांतील लढवय्ये' या नांवाची वसाहत स्थापण्यांत त्यांचा हात होता. बुंदाचा मारेक एडेलमन पोलंडांतच राहिला. लोड्झ शहरांत त्यानें हृदयरोगाचा वैद्य म्हणून काम केलें, व २००९ सालीं तो वारला. एकानें जाण्याचें व्रत पाळलें, दुसऱ्यानें राहण्याचें. परंतु वॉर्सांतल्या त्या तीन वर्षांत, मुलांना सोडून कोणी जावयाचें नाहीं, या एका गोष्टीवर दोघांचें एकमत होतें.